नांगरावरचा शेजार

छोट्या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्यांची पुस्तके हातात घेतली, की मुखपृष्ठानेच एक गोष्ट आपल्याला सांगून टाकलेली असते : हा माणूस एकटा होता. जोशुआ स्लोकमच्या १९०० सालच्या पुस्तकाच्या नावातच ‘अलोन’ हा शब्द आहे, आणि तिथून पुढे या सगळ्या लेखनाला एकाकीपणाचे साहित्य म्हणण्याची प्रथा पडली. प्रकाशकांना ती सोयीची आहे. समीक्षकांनाही सोयीची आहे, कारण एकाकी माणूस म्हटला की तत्त्वचिंतन आयतेच हाताशी येते. प्रत्यक्ष पुस्तक उघडले तर मात्र स्लोकम सारखा कुणाच्या ना कुणाच्या घरी जेवतो आहे. पुंता अरेनासला सँब्लिक नावाचा एक कप्तान त्याला गालिच्याच्या चुका देतो. रात्री डेकवर त्या पसरून ठेव, अनवाणी चोर आला तर तोच ओरडेल, असा त्या भेटीमागचा हिशेब. सामोआत रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची पत्नी नवऱ्याच्या संग्रहातली नौकानयनाची मार्गदर्शक पुस्तके त्याच्या हवाली करते. १८९५ ते १८९८ या तीन वर्षांतले पाण्यावरचे दिवस किती आणि बंदरातल्या गप्पांचे दिवस किती, याचा हिशेब मांडला तर ‘अलोन’ हा शब्द जरा भीतभीतच वापरावा लागेल.

एक गोष्ट मात्र स्लोकमला मिळाली नाही. त्याला यजमान भेटले, सोबती भेटले नाहीत. त्याच्यासारखाच छोटी नौका घेऊन दूरच्या समुद्रावर हिंडणारा दुसरा माणूस त्या काळी जवळजवळ नव्हता. ती वस्ती पुढे, दुसऱ्या महायुद्धानंतर झाली, आणि १९५० ते १९७० या वीस वर्षांत तिने आपले साहित्य निर्माण केले. त्याच साहित्याबद्दल मला इथे लिहायचे आहे.

मी नाविक नाही. उभी नोकरी हिशेबाच्या टेबलावर गेली. साहित्याचे रीतसर शिक्षण नाही, फ्रेंच येत नाही, त्यामुळे बर्नार म्वातेसिए मी इंग्रजीतून वाचला. फाउंटनच्या फुटपाथवर ‘क्रीडा’ या ढिगाऱ्यात ही पुस्तके मिळायची, क्रिकेटवीरांच्या चरित्रांखाली दबलेली. एकेक वाचताना ती साहसाची वाटली. पण एकाच प्रसंगाबद्दल दोघांनी लिहिलेली दोन पुस्तके शेजारीशेजारी ठेवून वाचू लागलो, तेव्हा साहस मागे पडले आणि वेगळेच काही वर आले. या पुस्तकांचा गाभा एकाकीपणा नसून शेजार आहे, असे माझे म्हणणे आहे. हा शेजार आपल्या ओळखीचा नाही. त्यात येणेजाणे नाही, सुखदुःखाची देवघेव फारशी नाही, आणि निरोप तर पहिल्या भेटीतच ठरलेला. तरीही वेळ आली तेव्हा त्याने जीव वाचवले आहेत. आपण ज्याला मैत्री म्हणतो त्यातल्या बऱ्याच गोष्टी वगळूनही मैत्री उरते का, हा प्रश्न ही पुस्तके विचारतात, आणि तो मला सोडत नाही.

आधी मापे सांगतो, कारण त्यांच्याशिवाय पुढचे कळणार नाही. एरिक आणि सुझन हिस्कॉक या दाम्पत्याने १९५२ ते १९५५ या काळात ‘वाँडरर ३’ या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिची लांबी तीस फूट. म्हणजे आपल्या एस.टी.च्या गाडीपेक्षा आखूड. जॉन गझवेलची ‘ट्रेका’ तर एकवीस फुटांचीही नव्हती. ती त्याने कॅनडातल्या व्हिक्टोरिया गावी स्वतःच्या हातांनी बांधली आणि १९५५ ते १९५९ या काळात तिच्यातून जगाला फेरी मारली. तोवर इतक्या लहान नौकेने पृथ्वीप्रदक्षिणा केली नव्हती. अशा केबिनमध्ये दोन पाहुणे आले की चौघांचे गुडघे एकमेकांना लागतात. या मंडळींच्या गप्पांचे वर्णन करताना हे गुडघे विसरून चालत नाही.

शेजार जमतो कसा, तर तो वारा जमवतो. दक्षिण पॅसिफिकमध्ये नोव्हेंबरच्या सुमारास वादळांचा हंगाम सुरू होतो. त्याआधी उष्ण कटिबंध सोडून पुष्कळ नौका न्यूझीलंडकडे सरकतात आणि तिथल्या बे ऑफ आयलंड्ससारख्या आडोशाला तो हंगाम काढतात. पश्चिमेकडे जायचे तर व्यापारी वारे धरूनच जावे लागते, म्हणून वाटेतली बंदरेही ठरलेली. म्हणजे सोबत माणूस निवडत नाही, ऋतू निवडतो. कोकणात जन्मलेल्याला हे समजावून सांगायला नको. पावसाळ्यात मचवे वर ओढलेले आणि नारळी पौर्णिमेला नारळ पडला की एकाच वेळी सगळे पाण्यात. वाऱ्याच्या तालावर चालणाऱ्या गलबतांचे खलाशी परक्या बंदरात आठवडेच्या आठवडे एकमेकांशेजारी पडून राहत, तेव्हा त्यांचेही असे काही स्नेह जुळत असणारच. फरक एवढाच, की त्यांनी पुस्तके लिहिली नाहीत.

या शेजाराचे काही रिवाज आहेत. आधी नांगरलेल्याचा हक्क पहिला. नंतर येणाऱ्याने त्याच्या दोराच्या फेऱ्यात येणार नाही अशी जागा शोधायची. होडके वल्हवत दुसऱ्याच्या नौकेजवळ जायचे, पण वर चढायचे नाही. हाक द्यायची आणि बोलावण्याची वाट पाहायची. माणसे नौकेच्या नावाने ओळखली जातात. ‘ट्रेका आली’ म्हणजे जॉन आला. आपल्याकडे अमक्याचा मचवा म्हणतात, तिथे मचव्याचा अमका. आडनाव, हुद्दा, मागचा इतिहास नंतर कळतो, काही वेळा कळतही नाही. देवघेव होते ती वापरलेल्या सागरी नकाशांची, वाचून झालेल्या कादंबऱ्यांची, दोराच्या उरलेल्या तुकड्याची. आणि माहितीची : पुढच्या बेटावर गोडे पाणी कुठे आहे, खडकातून आत शिरायची वाट कुठली.

या साहित्यातली सर्वांत महत्त्वाची मैत्री मला गझवेल आणि स्मीटन दाम्पत्य यांची वाटते.

माइल्स स्मीटन हा हिंदुस्थानी सैन्यातून ब्रिगेडियर म्हणून निवृत्त झालेला घोडदळाचा माणूस. युद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर होता. त्याची पत्नी बेरिल त्याच्याहूनही भटकी. १९३९ साली तिरिच मीर शिखरावर या दोघांनी चढाईचा प्रयत्न केला तेव्हा त्यांच्याबरोबर तेनसिंग होते, पुढे एव्हरेस्टवर पोचलेले तेच तेनसिंग. युद्ध संपल्यावर या दोघांनी कॅनडात शेती केली आणि १९५१ साली, समुद्राचा जवळजवळ काही अनुभव नसताना, ‘त्झू हँग’ ही हाँगकाँगला बांधलेली दोन डोलकाठ्यांची सागवानी नौका विकत घेतली. शेहेचाळीस फूट. म्हणजे ट्रेकाच्या दुपटीहून अधिक.

गझवेल त्यांना सॅन फ्रान्सिस्कोत भेटला. तो पंचवीस वर्षांचा, जर्सी बेटावर जन्मलेला, लहानपणी युद्धकाळात जर्मनीत नजरकैदेत राहिलेला, हातात सुतारकाम असलेला तरुण. स्मीटन पन्नाशीला टेकलेला. एक ब्रिगेडियर आणि एक सुतार : इंग्रजी समाजरचनेत ही दोन माणसे एका टेबलावर जेवायला बसण्याची शक्यता किती होती, याची कल्पना करावी. पाण्यावर ती बसली. दोन्ही नौका पॅसिफिक ओलांडून न्यूझीलंडपर्यंत ‘बरोबर’ गेल्या. हे ‘बरोबर’ फसवे आहे. साडेवीस फूट आणि शेहेचाळीस फूट यांचा वेग सारखा असू शकत नाही. पहिल्या रात्रीनंतर दुसऱ्याचा दिवा दिसत नाही, दूरसंवादाची साधने अशा नौकांवर सहसा नव्हती. बरोबर जाणे म्हणजे एकाच बंदराचे नाव मनात धरून वेगवेगळे निघणे, आणि जो आधी पोचेल त्याने रोज क्षितिजाकडे पाहणे. दिंडीत चालणाऱ्यांना निदान पुढच्याची पताका दिसते.

न्यूझीलंडला गझवेलने ट्रेका ठेवून दिली आणि तो स्मीटन दाम्पत्याबरोबर त्झू हँगवर आला. डिसेंबर १९५६ मध्ये तिघे मेलबर्नहून केप हॉर्नकडे निघाले. १४ फेब्रुवारी १९५७ रोजी, चिलीच्या किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर, मागून आलेल्या एका लाटेने त्झू हँगला शेपटाकडून उचलून पुढे कोलांटी दिली. सुकाणूवर बेरिल होती. ती कमरेची दोरी तुटून समुद्रात फेकली गेली. दोघे पुरुष आत होते. ते वर आले तेव्हा दोन्ही डोलकाठ्या गेलेल्या, सुकाणू गेलेले, केबिनच्या माथ्याचा उंच भाग उखडून तिथे नुसते भगदाड, आणि बेरिल काही अंतरावर पाण्यात. ती जखमी अवस्थेत पोहत नौकेपर्यंत आली, दोघांनी तिला वर ओढले. मग तिघांनी बादल्यांनी पाणी उपसले आणि गझवेलने भगदाड बुजवले. पुढच्या दिवसांत त्याने मोडक्यातोडक्या लाकडातून तात्पुरती डोलकाठी उभी केली, सुकाणूच्या जागी वल्हे बनवले. पाचएक आठवड्यांनी त्झू हँग स्वतःच्या शिडावर चिलीतल्या कोरोनेल बंदरात शिरली.

या घटनेची दोन कथने आपल्याकडे आहेत : स्मीटनचे ‘वन्स इज इनफ’ (१९५९) आणि गझवेलचे ‘ट्रेका राउंड द वर्ल्ड’ (१९६३). स्मीटनच्या पुस्तकाला नेव्हिल शूट या कादंबरीकाराची प्रस्तावना आहे, आणि साहित्य म्हणून ते निःसंशय श्रेष्ठ आहे. सैन्यातल्या माणसाचे गद्य कोरडे असेल असे वाटते. तसे ते नाही. त्यात विनोद आहे, मांजर आहे, आणि स्वतःला मागे ठेवण्याची एक दुर्मीळ रीत आहे. नौका त्याची, बेत त्याचा, हुद्दा त्याचा. पण संकट आल्यावर कथनाचे केंद्र अलगद सरकते आणि हत्यारे हातात असलेल्या तरुणाकडे जाते. नायकपद असे न कुरकुरता दुसऱ्याला देऊन टाकणारा निवेदक आत्मचरित्रात किती वेळा सापडतो? मराठी आत्मचरित्रांची माझी यादी या बाबतीत फार आखूड आहे.

गझवेलचे पुस्तक साधे. सुताराने सांगितल्यासारखे : लाकूड कुठले, जोड कसा, काय हाती लागले, काय लागले नाही. काही वाचकांना ते नीरस वाटते. मला वाटते की स्मीटनचे पुस्तक वाचल्यावरच त्याचा नीरसपणा बोलू लागतो. ज्या कामाबद्दल दुसऱ्याने इतक्या कृतज्ञतेने लिहिले आहे, ते काम करणारा ते केवळ काम म्हणून सांगतो. तो स्वतःच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या पुस्तकात दुसऱ्याच्या नौकेवरच्या या महिन्यांना जागा देतो, हेही लक्षात घ्यायला हवे. ट्रेकाच्या प्रदक्षिणेत त्या महिन्यांनी एका मैलाचीही भर घातली नव्हती.

चिलीत गझवेल त्यांचा निरोप घेतो. भांडण नाही, दुरावा नाही. त्याची स्वतःची नौका न्यूझीलंडला वाट पाहत होती, एवढेच. जीव वाचवलेल्या माणसांपासून तो निघून जातो, आणि दोन्ही पुस्तकांत हे निघून जाणे गृहीत धरलेले आहे. आपल्याकडच्या लेखकाने इथे दोन पाने तरी घेतली असती. पुढे डिसेंबर १९५७ मध्ये स्मीटन दाम्पत्य दोघेच पुन्हा केप हॉर्नकडे निघाले आणि पुन्हा उलटले, पुन्हा डोलकाठ्या गेल्या, पुन्हा चिलीला परतले. या वेळी सुतार बरोबर नव्हता. एका वाचकाने मला विचारले होते की गझवेल दुसऱ्यांदा का गेला नाही. हा प्रश्न जमिनीवरचा आहे. मित्राने आपला प्रवास सोडून आपल्या प्रवासात राहावे, ही अपेक्षा या वस्तीत कुणी कुणाकडून करत नाही. आपण ज्याला बांधिलकी म्हणतो तिच्या जागी इथे मोकळीक आहे. मला ती कमी मोलाची वाटत नाही.

म्वातेसिए आणि हेन्री वेकलम यांची मैत्री याहून वेगळी, गरिबीतली. म्वातेसिएची पहिली नौका १९५२ साली आपल्याच हिंदी महासागरात दिएगो गार्सियाला फुटली. मॉरिशसला तीन वर्षे राबून त्याने दुसरी बांधली आणि दक्षिण आफ्रिकेत तो वेकलमच्या शेजाराला आला. बंदरात दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या वस्तूंवर या दोघांनी आपापल्या नौका सजवल्या. म्वातेसिएच्या पहिल्या पुस्तकातला तो भाग मला त्याच्या प्रसिद्ध चिंतनांपेक्षा जास्त आवडतो. चिंतनात तो कधीकधी स्वतःच्याच आवाजाच्या प्रेमात पडतो. वेकलम समोर असला की तसे होत नाही. समोर एक माणूस बसून दोर वळत असताना फार उंच बोलता येत नाही.

हिस्कॉकबद्दल थोडक्यात. त्याची ‘क्रूझिंग अंडर सेल’ (१९५०) आणि ‘व्हॉयेजिंग अंडर सेल’ (१९५९) ही पुस्तके म्हणजे या वस्तीची पाठ्यपुस्तके, आणि त्याच्या प्रवासवर्णनांतही शिक्षकाचा नीटनेटकेपणा आहे. त्याची दृष्टी फार अधू होती. मग दूरचा दीपस्तंभ आधी कुणी पाहिला असेल? सुझनने, असे आपण समजायचे. या पुस्तकांत ती अर्धा पहारा करते, स्वयंपाक करते, शिडे हाताळते. पण तिचे म्हणणे आपल्यापर्यंत एरिकच्या वाक्यांतूनच येते. बेरिल स्मीटनने निदान आपली प्रवासाची पुस्तके स्वतः लिहिली. हा दोष या साहित्यात सर्वत्र आहे आणि त्याला ‘काळच तसा होता’ म्हणून सोडून देणे मला पटत नाही, कारण बायकांच्या हातात सुकाणू देण्याइतका काळ पुढे गेलेला होता. फक्त लेखणीपर्यंत पोचायचा होता.

*

या विखुरलेल्या शेजाराला संस्थेचे रूपही मिळाले, आणि ते रूप मजेदार आहे. १९५२ साली कॅलिफोर्नियात कोरोनाडो इथे नौकेवरच घर केलेल्या सहा जोडप्यांनी ‘सेव्हन सीज क्रूझिंग असोसिएशन’ स्थापन केली. नौकेवर राहणारा प्रत्येक पूर्ण सभासद कमोडोर. सगळेच सेनापती, शिपाई कुणी नाही. दोन वर्षांनी, १९५४ साली, इंग्लंडमध्ये हम्फ्री बार्टनने ‘ओशन क्रूझिंग क्लब’ काढला. सभासदत्वासाठी अट एकच महत्त्वाची : छोट्या नौकेतून निदान एक हजार सागरी मैलांचा सलग प्रवास केलेला असावा. या क्लबला दिवाणखान्याची इमारत नाही. त्याऐवजी ठिकठिकाणच्या बंदरांत मदतीला माणसे. झेंड्यावर उडता मासा.

समीक्षकाच्या दृष्टीने मला या संस्थांपेक्षा कोरोनाडोच्या मंडळींचे पत्रक महत्त्वाचे वाटते. सभासदांनी जगाच्या कानाकोपऱ्यातून पाठवलेली पत्रे एकत्र करून ते निघे. मागून येणाऱ्या, अजून न भेटलेल्या माणसासाठी लिहिलेले हे गद्य : इथे नांगर धरतो, तिथे सरकतो. आपल्यामागचे पाणी स्वच्छ ठेवावे, म्हणजे नंतर येणाऱ्या नौकेचे स्वागत होईल, हे त्यांचे ब्रीद. पत्रलेखनाला साहित्यात जागा देताना आपण नेहमी दोन ओळखीच्या माणसांमधले पत्र धरतो. अनोळखी माणसाची इतक्या बारकाईने काळजी करणारे लेखन साहित्य नसेल, तर आपली व्याख्या तपासून पाहावी लागेल.

असाच एक मजकूर अझोर्स बेटांवर होर्ताच्या धक्क्यावर आहे. अटलांटिक ओलांडून आलेल्या नौका तिथे थांबतात आणि निघण्यापूर्वी धक्क्याच्या भिंतीवर आपले चित्र रंगवतात : नौकेचे नाव, वर्ष. चित्र न काढता निघाले तर पुढे अरिष्ट येते, अशी समजूत आहे. जवळच ‘पीटर कॅफे स्पोर्ट’; आझेव्हेदो कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या नाविकांची पत्रे तिथे सांभाळली. मी होर्ताला गेलेलो नाही, छायाचित्रेच पाहिली आहेत. त्यांत जुन्या चित्रांच्या कडांवर नवी चित्रे चढलेली दिसतात. नंतर येणाऱ्याने फेऱ्यात येऊ नये, हा नांगराचा नियम भिंतीवर मात्र चालत नाही.

१९८६ पासून अटलांटिक ओलांडणाऱ्या नौकांचा एक संघटित ताफा दरवर्षी कॅनरी बेटांवरून निघतो. जिमी कॉर्नेलची ही कल्पना. पहिल्याच वर्षी दोनशेच्या वर नौका होत्या. सुरक्षितता वाढली, ओळखी वाढल्या, यात शंका नाही. पण या प्रवासांतून निघालेले जे थोडे लेखन मी वाचले त्यात सोबत आधीच खरेदी केलेली असते. क्षितिजाकडे पाहण्याची गरज संपली आहे. माझे हे मत जुन्या माणसाचे वाटेल, असू दे.

*

या मैत्रीची खरी परीक्षा एका शर्यतीने घेतली, आणि तिथे मुंबईचाही संबंध येतो. १९६८ साली लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने न थांबता, कुणाची मदत न घेता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची स्पर्धा जाहीर केली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ‘सुहैली’ घेऊन जूनमध्ये फालमथहून निघाला. बत्तीस फुटांची ही सागवानी नौका मुंबईला कुलाब्यात बांधलेली, १९६४ साली पाण्यात उतरवलेली. त्या उन्हाळ्यात प्लिमथ बंदरात म्वातेसिए, लोइक फुजरों, बिल किंग आणि नायजेल टेटली हे चार स्पर्धक तयारी करत होते. एकमेकांच्या नौकांवर जाणे, पेला रिकामा करणे, नकाशे पाहणे. स्पर्धा म्हणजे काय ते विसरून चाललेला शेजारच तो. म्वातेसिएच्या ‘द लाँग वे’मध्ये, भर दक्षिण महासागरात, या तिघांची आठवण पुन्हापुन्हा येते : बिल कुठे असेल, लोइक कुठे, नायजेल कुठे. एकट्याच्या प्रवासाचे सर्वांत गाजलेले पुस्तक, आणि त्यात तीन मित्रांची सतत चौकशी.

डोनल्ड क्रोहर्स्ट त्या शेजारात नव्हता. तो शेवटच्या दिवशी, ३१ ऑक्टोबरला, टिनमथहून अपुऱ्या तयारीच्या त्रिकाय नौकेतून निघाला. दक्षिण महासागरात न जाताच तो अटलांटिकमध्ये रेंगाळला, खोटी ठिकाणे कळवत राहिला आणि जुलै १९६९ मध्ये त्याची रिकामी नौका सापडली. निकोलस टॉमलिन आणि रॉन हॉल यांनी त्याच्या नोंदवह्यांवरून १९७० साली लिहिलेले पुस्तक चांगलेच आहे. पण ते आणि त्यानंतरचे बहुतेक लेखन ही शोकांतिका समुद्रावरच्या एकांताची मानते. मला वाटते ती आधी धक्क्यावर घडली. निघण्यापूर्वी क्रोहर्स्टभोवती पैसे लावणारा होता, प्रसिद्धी करणारा होता, घाईत बांधणारे होते. त्याच्यासारखीच नौका घेऊन शेजारी नांगरलेला, येऊन केबिनमध्ये बसणारा, गुडघे जुळवून ‘या वर्षी जाऊ नकोस’ म्हणणारा कुणी त्याच्या कहाणीत मला दिसत नाही. तसा कुणी असता तर त्याने ऐकले असते, असे मी म्हणणार नाही. पण ज्याला पाहून खोटे बोलणे अवघड जावे असा एकही डोळा त्याच्यावर नव्हता.

शेजाराची जागा बातमीने घेतली की काय होते, तेही याच शर्यतीत दिसले. क्रोहर्स्ट वेगाने मागून येतो आहे ही बातमी टेटलीपर्यंत पोचली. त्याने आधीच थकलेली नौका ताणली आणि मे १९६९ मध्ये ती अझोर्सजवळ मोडून बुडाली. टेटली वाचला. शर्यत पूर्ण करणारा एकटा नॉक्स-जॉन्स्टन उरला, आणि त्याने आपले पाच हजार पौंडांचे बक्षीस क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले. म्वातेसिएने शर्यत अर्धवट सोडली आणि तो ताहितीकडे वळला. त्यावर जगभर तत्त्वचिंतन झाले. पाच हजार पौंडांवर त्या मानाने फारच कमी लिहिले गेले.

मदत न घेण्याचा नियम आणि मदत न करण्याचा नियम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पन्नास वर्षांनी पुन्हा दिसले. २०१८ च्या पुनरावृत्त शर्यतीत भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी ‘तुरीया’ घेऊन उतरले होते. सुहैलीच्या नमुन्यावर गोव्यात बांधलेली नौका. त्याआधी दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली आणि नंतर टॉमी यांनी २०१२-१३ साली ‘म्हादेई’वरून एकट्याने प्रदक्षिणा केल्या होत्या, तीही गोव्यातच, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली. २१ सप्टेंबर २०१८ रोजी हिंदी महासागराच्या दक्षिणेला वादळात तुरीयाच्या डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला दुखापत झाली. त्याच वादळात आयर्लंडच्या ग्रेगर मॅकगकिनच्याही डोलकाठ्या गेल्या होत्या. त्याने मोडक्या सामानातून तात्पुरती डोलकाठी उभी केली आणि आपली जायबंदी नौका टॉमींच्या दिशेने वळवली. २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने आधी टॉमींना आणि मग मॅकगकिनलाही उचलले. तो आधी पोचू शकला नाही; पण त्या तीन दिवसांत तो त्या दिशेने येत होता. गझवेलची डोलकाठी माणसे घरी न्यायला होती. ही मित्राकडे जायला होती.

दोंदे यांनी ‘द फर्स्ट इंडियन’ या पुस्तकात नौका बांधण्यापासूनची हकिगत सांगितली आहे आणि दांडेकर त्या कथेत नुसते कंत्राटदार म्हणून येत नाहीत. दोघेही अशी नौका पहिल्यांदाच पाहत होते, आणि ती बांधता बांधताच त्यांचा स्नेह जुळला. मी ज्या वीस वर्षांबद्दल लिहितो आहे त्यांतल्या पुस्तकांना हे साधलेले नाही. तिथली मैत्री नौकामालकांची आपसातली. कुलाब्याच्या ज्या सुतारांनी सुहैलीच्या सागवानी फळ्या तासल्या, हाँगकाँगच्या ज्या कारागिरांनी त्झू हँग जोडली, ते त्या शेजारात बसलेले दिसत नाहीत. गझवेल बसला, कारण तो सुतार होता तसाच मालकही होता. कारागिराच्या हातांबद्दल इतका आदर असलेल्या साहित्यात हे रितेपण खटकते. कुलाब्याचे ते कारखाने, तिथल्या माणसांच्या पुढच्या पिढ्या यांचा शोध मुंबईत राहून कुणी घेतला तर बरे होईल. कागद फार मिळणार नाहीत, माणसे मिळतील.

डिसेंबर १९६८ मध्ये माइल्स आणि बेरिल स्मीटन तिसऱ्यांदा केप हॉर्नला गेले. या वेळी बरोबर बॉब नान्स नावाचा तरुण होता. पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे उलट्या आणि अधिक अवघड दिशेने, त्झू हँगने ते टोक ओलांडले. तेव्हा माइल्स बासष्ट वर्षांचा होता आणि बेरिल त्याच्याहून एक वर्षाने मोठी. १७ जानेवारी १९६९ रोजी मुंबईची सुहैली तिथून गेली. ५ फेब्रुवारीला म्वातेसिए गेला. काही आठवड्यांच्या अंतराने तीन नौका त्याच पाण्यावरून गेल्या आणि कुणाला कुणाचे शीड दिसले नाही.